भूकंपानंतरचे भूज : हानीची नोंद, उभारणीची नोंद

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची भूमी हादरली. प्रजासत्ताकदिनाची ध्वजवंदने कोठे उरकली होती, कोठे चालू होती. अंजार येथे शाळकरी मुलांची मिरवणूक दाट वस्तीच्या अरुंद गल्लीतून निघाली होती. दोन्ही बाजूंची घरे तिच्यावर कोसळली आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक त्यांखाली गाडले गेले. भूकंपाचे केंद्र भचाऊ तालुक्यात, भूज शहराच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर होते. भचाऊ, अंजार, रापर आणि भूज या चार गावांची मोठी हानी झाली. दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या.

सदर लेखात भूकंपापेक्षा त्यानंतर झालेल्या नोंदींचा विचार केला आहे : एका शहराची हानी कोणी, कशी मोजली; त्या मोजणीवर पुढे काय उभे राहिले; आणि जे मोजले गेले नाही त्याचे काय झाले. धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. एक कारण असे की, त्या सकाळी भूजचे जिल्हा रुग्णालयच कोसळले आणि रुग्ण, नातेवाईक व कर्मचारी ढिगाऱ्याखाली सापडले. दुसरे कारण देणगीदारांशी निगडित आहे. आपत्तीनंतर तंबू, ब्लँकेटे, औषधे यांसाठी हात सढळ होतात. नोंदवह्या, नकाशे, पाहणी-पथके यांवरचा खर्च मात्र 'कार्यालयीन खर्च' म्हणून संशयाने पाहिला जातो. भूजचा इतिहास या संशयाचा फेरविचार करावयास लावणारा आहे.

पहिली नोंद भूकंपाच्या आकाराची. भारतीय हवामान खात्याने प्रथम ६.९ हा आकडा दिला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा आकडा ७.७ असा आहे. मोजण्याच्या पद्धती भिन्न असल्याने आकडेही भिन्न आले. वृत्तपत्रे वाचणाऱ्या सामान्य माणसाचा मात्र त्यामुळे बराच गोंधळ उडाला. मृतांच्या संख्येचेही तसेच झाले. आरंभीच्या दिवसांत ती लाखाच्या घरात जाईल असे जबाबदार पदांवरील व्यक्तीही बोलत होत्या. पुढे सरकारी गणनेत ती १३,८०५ ठरली. जखमींची संख्या सुमारे १ लाख ६७ हजार, पूर्णतः पडलेली घरे दोन लाखांहून अधिक, अंशतः पडझड झालेली नऊ लाखांहून अधिक. अंदाजाचा आकडा आणि मोजलेला आकडा यांत एवढी तफावत असेल, तर मदतीचे ट्रक कोठे पाठवावयाचे हा निर्णयही तितकाच चुकू शकतो. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात नेमकी मोजणी होणे अशक्यप्राय असते, हे मान्यच आहे. परंतु ती जितकी लवकर सुरू होईल तितके हाल कमी होतात.

१८१९ चा कागद

कच्छला भूकंप नवा नव्हता. २१ जुलै १९५६ रोजी अंजारला मोठा धक्का बसला होता. त्याच्याही पूर्वी, १६ जून १८१९ रोजी, कच्छच्या रणात त्याहून फार मोठा भूकंप झाला. त्या वेळी कॅप्टन जेम्स मॅकमर्डो हे ब्रिटिश अधिकारी कच्छमध्ये अंजारला नेमणुकीवर होते. कोणते गाव किती पडले, कोठे जमिनीतून पाणी उसळले, लोक काय सांगतात, हे त्यांनी टिपून ठेवले. हे लेखन पुढे १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या, म्हणजे आजच्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पूर्वसंस्थेच्या, ग्रंथमालेत छापले गेले. भूजमध्ये हजारो घरे पडून हजारावर माणसे गाडली गेल्याची नोंद त्या काळच्या वृत्तांतात सापडते. रणातील सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. तेथील शिपाई उरलेल्या बुरुजावर चढून बसले आणि दुसऱ्या दिवशी होड्यांतून त्यांची सुटका झाली. त्याच्या उत्तरेस जमीन उंचावून मैलोगणती लांबीचा बांध तयार झाला. तो माणसाने बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला 'अल्ला बंद' असे नाव दिले. १८२० च्या दशकात अलेक्झांडर बर्न्स यांनी तेथे जाऊन पाहणी केली, आणि सिंद्रीचे चित्र युरोपातील भूशास्त्राच्या ग्रंथांत पोहोचले.

या जुन्या कागदांचा उपयोग पुढे कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. कोणतेही उपकरण नसलेल्या काळातील त्या वर्णनांवरून रॉजर बिलहॅम या भूशास्त्रज्ञाने बांधाची उंची, जमिनीची हालचाल यांचे गणित मांडून १८१९ च्या भूकंपाचा आकार सुमारे ७.७ असावा, असा निष्कर्ष काढला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी कच्छमध्ये जवळजवळ त्याच आकाराचा भूकंप झाला.

येथे थोडे थांबावे लागते. नोंद होती. भारतीय मानक ब्यूरोच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात कच्छ हा सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात घातलेला होता. इमारती कशा बांधाव्यात याची मानके छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती पाळण्याची सक्ती मात्र नव्हती, आणि कंत्राटदाराने ती पाळली की नाही हे तपासणारी यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. म्हणजे कागद तयार करणे हे अर्धेच काम होय. तो कागद ज्याने वाचावयाचा त्याच्या टेबलावर पोहोचणे हे उरलेले अर्धे. अहवाल छापून कपाटात ठेवण्याची आपली सवय पाहता हे उरलेले अर्धे काम अधिक कठीण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपकरणांच्या बाबतीत तर परिस्थिती अधिकच बिकट होती. भूकंपाच्या वेळी जमीन क्षणाक्षणाला कशी हलली याचा पूर्ण आलेख महत्त्वाचा असतो, कारण त्यावरूनच पुढील इमारतींचे गणित करता येते. असा उपयुक्त आलेख मिळाला तो अहमदाबादच्या पारपत्र कार्यालयाच्या इमारतीतील उपकरणावर, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर अंतरावर. कच्छमध्ये रुरकीच्या संशोधकांनी बसविलेली साधी प्रतिसाद-मापके होती आणि त्यांनी मोलाची माहितीही दिली. परंतु संपूर्ण आलेख त्यांतून मिळत नाही. भूज हादरले तेव्हा त्या हादऱ्याची साक्ष मुख्यतः पडलेल्या भिंतींनीच दिली.

भिंतींची साक्ष

भिंतींची साक्ष वाचण्याचे शास्त्र आहे. देशातील व परदेशातील अभियंत्यांची पथके काही दिवसांतच कच्छमध्ये पोहोचली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुधीर जैन व सी. व्ही. आर. मूर्ती हे ज्याच्या संपादकांपैकी होते, तो सविस्तर पाहणी-अहवाल २००२ साली अमेरिकेतील भूकंप अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाला. अहमदाबादेतील पडझडीचे कारण अशाच पाहण्यांतून स्पष्ट झाले. तेथील अनेक सदनिका-इमारतींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार, खाली मात्र केवळ बारीक खांब. हादरा बसताच सारा ताण त्या खांबांवर आला आणि ते मोडले. ही रचना महाराष्ट्रातील शहरांतही सर्रास दिसते, याची विश्वस्तांनी व गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने नोंद घ्यावी.

अभियंत्यांची पाहणी ज्ञानासाठी असते. सरकारी पंचनामा मदतीसाठी असतो, आणि त्यात घरमालकाचे सारे आयुष्य पणाला लागलेले असते. गुजरातमध्ये घरांच्या हानीच्या पाच श्रेणी ठरविण्यात आल्या होत्या. गिलाव्याला बारीक तडे ही पहिली श्रेणी. भिंतीला लहान भेगा व गिलाव्याचे पापुद्रे सुटणे ही दुसरी. रुंद व खोल भेगा ही तिसरी. भिंतीत भगदाड किंवा घराचा एखादा भाग पडणे ही चौथी. आणि संपूर्ण घर भुईसपाट ही पाचवी. कागदावर हे स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या सीमेवर उभ्या असलेल्या घरासमोर पाहणी करणारा तरुण अभियंता फॉर्म हातात घेऊन उभा असतो, घरातील म्हातारी त्याला आतल्या खोलीतील भेग दाखवीत असते, आणि त्याने कोणत्या चौकटीत खूण केली यावर त्या कुटुंबाला मिळणारी रक्कम ठरते. श्रेणी एका पायरीने बदलली की रक्कम बदलते, हे एकदा कळल्यावर ओढाताण होणारच. तक्रारी झाल्या, फेरपाहण्याही झाल्या. त्यात काही लबाडीही असेल. तथापि घाईची पहिली पाहणी हीच अखेरची मानली असती, तर अधिक अन्याय झाला असता. फेरपाहणीची तरतूद ठेवणे हा पंचनाम्याचा कमकुवतपणा समजू नये.

येथे महाराष्ट्राचा अनुभव गुजरातच्या कामी आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी आणि परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगावली. रिश्टर मापावर तो कच्छच्या मानाने लहानच होता. परंतु माळवदाची जड छपरे आणि मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती यांनी घात केला. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी उभारण्यात आली, बरीचशी सरकारी कंत्राटातून किंवा देणगीदार संस्थांकडून. घरे पक्की झाली, रस्ते सरळ व रुंद झाले. पण गुरांना जागा कोठे, ओळखीचा शेजार कोठे, शेतापर्यंतचे अंतर किती, याची नोंद आराखडा करणाऱ्याच्या कागदावर फारशी नव्हती. ही उणीव पुढील अभ्यासांत नमूद झाली.

गुजरातमध्येही प्रथम गावे हलविण्याची भाषा झाली. बहुतेक गावांनी नकार दिला. मग सरकारने बव्हंशी घरमालकालाच पैसे देऊन, तांत्रिक मार्गदर्शनासह, त्याच्याकडून घर बांधून घेण्याचा मार्ग स्वीकारला. रक्कम तीन हप्त्यांत मिळे आणि प्रत्येक टप्प्याचे काम अभियंत्याने तपासल्यावरच पुढचा हप्ता सुटे. म्हणजे नोंद हीच हप्त्याची किल्ली झाली. भूकंपानंतर पंधरवड्याच्या आतच, ८ फेब्रुवारी २००१ रोजी, स्थापन झालेल्या गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे या साऱ्या कामाची सूत्रे होती. खेड्यांत 'कच्छ नवनिर्माण अभियान' या संस्थासमूहाने 'सेतू' नावाची केंद्रे चालविली. सरकारी ठराव गावाला समजावून सांगणे आणि गावाची गाऱ्हाणी लिहून कार्यालयापर्यंत नेणे, असे दुहेरी काम तेथे चाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, स्वतः घर बांधलेल्या कुटुंबांचे समाधान कंत्राटदाराकडून नव्या जागी तयार घर मिळालेल्यांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. काही वर्षांनी परत जाऊन विचारण्याचा खर्च कोणीतरी केला, म्हणूनच हे कळले.

कोटाच्या आतील शहर

खेड्यांच्या मानाने भूज शहराचे काम रेंगाळले, आणि त्याला कारणही तसेच होते. हमीरसर तलावाकाठचे हे जुने राजधानीचे शहर कोटाच्या आत वसले होते. गल्ल्या अरुंद, कित्येक बंद तोंडाच्या. दोन्हीकडील घरे पडताच रस्ताच नाहीसा झाला आणि जखमींना बाहेर काढण्यास वाट उरली नाही. आईना महाल व प्राग महाल या राजवाड्यांचीही मोडतोड झाली. तीच गल्ली, तेच घर पुन्हा बांधावयाचे की रस्ते रुंद करावयाचे, हा प्रश्न होता. रस्ते रुंद करावयाचे तर कोणाची तरी जमीन जाणार.

त्यासाठी नगररचना योजनेची पद्धत वापरण्यात आली. अहमदाबादच्या 'एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह' या संस्थेने भूज क्षेत्र विकास प्राधिकरणासाठी आराखडे तयार केले. प्रथम प्रत्येक भूखंडाची मोजणी झाली. मग सर्व भूखंड एकत्र धरून, प्रत्येकाचा काही हिस्सा रस्त्यांसाठी घेऊन, उरलेली जागा नव्या आकारात त्याच परिसरात मालकाला परत देण्यात आली. अगदी लहान भूखंडांतून काहीच घेतले नाही. भूखंड जसा मोठा तशी कपात वाढत गेली आणि सर्वांत मोठ्यांकडून सुमारे एक तृतीयांश जागा घेण्यात आली. नकाशे लोकांसमोर मांडून हरकती घेण्यात आल्या. ज्यांना कोटाबाहेर जाणे भाग पडले किंवा इष्ट वाटले त्यांच्यासाठी शहराभोवती नव्या वसाहती आखल्या गेल्या. त्यांतील एकीचे नाव जवळच्या परिवहन कार्यालयावरून 'आर.टी.ओ.' असेच रूढ झाले. आपत्तीतून जन्मलेल्या वस्तीला कार्यालयाचे नाव मिळावे, हेही बोलके आहे.

या योजनेची प्रशंसा झाली आणि ती योग्यच होती. परंतु तिच्या पायाशी असलेली नोंद ही मिळकतीची नोंद होती, आणि मिळकतीच्या कागदावर मालकाचे नाव असते. दोन पिढ्या अल्प भाड्याने राहिलेल्या भाडेकरूकडे फार तर पावत्या, त्याही ढिगाऱ्यात. भावाभावांनी तोंडी वाटण्या करून घेतलेल्या खोल्या कागदावर एकच घर. अशा माणसांना आपण येथे राहत होतो हेच प्रथम सिद्ध करावे लागले, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा निर्णय मालकांच्या मागून झाला. घर पडले हे सर्वांना दिसते. ते कोणाकोणाचे पडले हे कागद सांगेल तेवढेच दिसते.

आणखी एक मोठी पोकळी सांगितली पाहिजे. २००१ ची जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये देशभर झाली. कच्छ जिल्ह्यात मात्र ती त्या परिस्थितीत होऊ शकली नाही आणि तेथील लोकसंख्येचे आरंभीचे आकडे अंदाजानेच भरण्यात आले. त्यामुळे भूकंपानंतर लगेचच कच्छमध्ये नेमके किती लोक उरले, किती बाहेर गेले, किती मजूर कामासाठी आत आले, याची घरोघर मोजलेली गणना त्या वर्षाची नाही. पुढे करसवलतींमुळे तेथे मोठे कारखाने आले, बंदरे वाढली, शहर पसरले. 'सावरले' हा शब्द कोणाबद्दल म्हणावयाचा, १९९१ ला तेथे असलेल्या कुटुंबांबद्दल की २०११ ला तेथे असलेल्या लोकसंख्येबद्दल, हे ठरविणे या पोकळीमुळे कठीण होते. एडवर्ड सिम्पसन या मानववंशशास्त्रज्ञाने कच्छमध्ये दीर्घकाळ अभ्यास करून २०१३ च्या सुमारास या भूकंपावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय विस्मरण हाच आहे. २८ ऑगस्ट २०२२ रोजी भूजजवळच्या भुजिया डुंगरावर 'स्मृतिवन' हे स्मारक व संग्रहालय सुरू झाले. तेथे मृतांची नावे कोरलेली आहेत. एकवीस वर्षांनी का होईना, संख्येमागची नावे एका ठिकाणी आली.

रुग्णालयाची इमारत

भूकंपात रुग्णालय पडणे याचा अर्थ ज्या घटकेला त्याची सर्वाधिक गरज त्याच घटकेला ते नाहीसे होणे. भूजमध्ये जखमींवर उघड्या मैदानावर उपचार झाले. सैन्यदलाचे वैद्यकीय पथक, इस्रायलचे क्षेत्रीय रुग्णालय, रेड क्रॉसचे तंबूंतील रुग्णालय अशा मदतीवर शहराने दिवस काढले. पडलेल्या रुग्णालयाच्या जागी नवे बांधताना मात्र पूर्वीच्या हानीच्या नोंदींतून शिकण्यात आले. पंतप्रधानांच्या राष्ट्रीय मदत निधीतून तीनशे खाटांचे नवे रुग्णालय बांधण्यात आले आणि जानेवारी २००४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ही इमारत थेट पायावर बसलेली नाही. पाया आणि इमारत यांमध्ये न्यूझीलंडमधील तंत्राने बनविलेल्या शिसे-रबराच्या बैठका आहेत. रबराचे थर व पोलादाच्या पत्र्या एकाआड एक रचून मध्यभागी शिशाचा दंड घातलेला असतो. पोलादामुळे बैठक इमारतीचे वजन पेलते, रबरामुळे आडवी सरकू शकते, आणि शिसे दबताना हादऱ्याची शक्ती शोषून घेते. जमीन हलली तरी वरची इमारत सावकाश डुलते. हे तंत्र न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात विकसित केले.

सांगाडा उभा राहिला म्हणजे रुग्णालय वाचले, असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची हकीकत यासाठी अभ्यासण्याजोगी आहे. नुकतेच बांधून झालेले हे रुग्णालय १९७१ च्या भूकंपात निकामी झाले. त्या हानीच्या नोंदींवरून १९७३ साली तेथे रुग्णालयांच्या भूकंपसुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला आणि रुग्णालय नव्याने, भक्कम बांधले गेले. १९९४ च्या भूकंपात नवा सांगाडा उत्तम टिकला. पण पाण्याचे नळ फुटले, पाणी मजल्यामजल्यांतून वाहिले आणि रुग्णांना हलवावेच लागले. आपल्याकडे हेच प्राणवायूच्या सिलिंडरांना, जनित्राच्या बॅटऱ्यांना, औषधांच्या उंच कपाटांना आणि गच्चीवरच्या टाक्यांना लागू आहे. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधणे यास नव्या इमारतीइतका निधी लागत नाही.

जखमींची नोंद

'जखमी' हा एक शब्द फार निरनिराळ्या माणसांना कवेत घेतो. ज्याच्या कपाळाला चार टाके पडले तोही जखमी, आणि पाठीचा कणा मोडून ज्याचे पाय कायमचे लुळे पडले तोही. पहिल्याचा हिशेब आठवड्यात मिटतो. दुसऱ्याला अंथरुणाच्या जखमा, मूत्रमार्गाचे संसर्ग, चाकाची खुर्ची, घराच्या उंबरठ्याला उतार, उपजीविकेचे नवे साधन अशा गोष्टी वर्षानुवर्षे लागतात. मदतीचे पथक तीन आठवड्यांनी परत जाते तेव्हा त्याच्या वहीत शस्त्रक्रियांची संख्या असते. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती हाडे नीट जुळली, किती जखमा चिघळल्या, याचा रकाना बहुधा रिकामा असतो. गर्दीत एका गावी प्लास्टर आणि दुसऱ्या गावी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा केसपेपर त्याच्यासोबत प्रवास करीत नाही. अशा वेळी मनगटाला बांधलेली चिठ्ठी हाच त्याचा सारा इतिहास असतो.

नेटकी टिपणे किती मोलाची ठरतात याचा दाखला वैद्यकातच आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली काही माणसे प्रथम ठीक वाटत आणि नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील या संशोधकांनी १९४१ साली अवघ्या चार रुग्णांची काळजीपूर्वक टिपलेली माहिती प्रसिद्ध केली. दबलेल्या स्नायूंतील द्रव्ये, दाब निघताच, रक्तात मिसळून मूत्रपिंडांना अपाय करतात हे पुढे त्यातून उलगडत गेले. आज ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाला शक्य तर बाहेर काढण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करतात, त्याचे मूळ या चार केसपेपरांत आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना यातून करण्याजोगे काही आहे. डिस्चार्ज कार्डाची एक छायाप्रत घरात आणि दुसरी परगावच्या नातलगाकडे ठेवावी. तीवर रक्तगट, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, औषधांची वावडी, आणि शस्त्रक्रियेत बसविलेली पट्टी, स्क्रू, स्टेंट वा पेसमेकर यांची माहिती असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. डायलिसिसवरील रुग्णांनी आपले केंद्र बंद पडल्यास जवळचे दुसरे केंद्र कोणते, त्याचा दूरध्वनी क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस लिहून ठेवावा. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांनी भाडेपावती, शिधापत्रिका व विजेचे बिल यांच्या प्रतीही त्याच पाकिटात ठेवाव्यात.